तिथे सगळेच अडखळतात

काही वर्षांपूर्वी माझा एक मित्र एका कार्यालयाच्या जिन्यावरून पडला. हातात फायलींचा गठ्ठा घेऊन खाली येत होता. चौथ्या पायरीवर पाय गेला आणि उरलेल्या पायऱ्या तो बसूनच उतरला. गुडघ्याची वाटी तडकली. भेटायला गेले तेव्हा पलंगाशेजारच्या स्टुलावर टेकायच्या आधीच मी विचारलं, "मोबाइल बघत होतास ना?"

दुखतंय का, हे नंतर विचारलं. तोही बिचारा ओशाळून म्हणाला, "मोबाइल नव्हता गं, पण लक्ष नव्हतं हे खरं." झालं, प्रकरण मिटलं. कारण सापडलं होतं आणि ते पलंगावर पाय लांब करून पडलं होतं.

पंधरा-वीस दिवसांनी त्याचीच राहिलेली कागदपत्रं आणायला मी त्या कार्यालयात गेले. काम उरकून जिना उतरायला लागले, तसा दाराशी बसलेला शिपाई म्हणाला, "ताई, चौथी पायरी जपून. तिथे सगळेच अडखळतात." बघितलं तर पायरीच्या कडेला ठोकलेली धातूची पट्टी एका बाजूनं उचकटून करंगळीभर वर आली होती. वर आलेली ती कड चपला घासून घासून गुळगुळीत झाली होती. म्हणजे पट्टी काही कालपरवा निघालेली नव्हती.

मित्राचं लक्ष नव्हतं हे खरंच होतं. तरी शिपायाच्या त्या 'सगळेच'नं मला पुष्कळ दिवस छळलं. पायरी वाईट आहे हे त्याला माहीत होतं, झाडणाऱ्या बाईंना माहीत असणार, रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या साहेबांच्या पायांना तर पाठच असणार. ठाऊक नव्हतं ते फक्त पडणाऱ्याला.

मोठा अपघात घडला की माझा स्टुलावरचा प्रश्न हजारो तोंडांनी विचारला जातो. आईबापांचं लक्ष कुठे होतं, एवढ्या गर्दीत जायची गरजच काय होती, पाटी वाचता येत नव्हती का. आठवडाभरात नातेवाईक दावा लावतात आणि सूर आणखी चढतो: आता पैसे उकळायला निघाले. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खातात, इथपर्यंत मजल जाते. समोरच्या बाजूलाही तितकाच आवाज असतो, मालकाला तुरुंगात टाका, परवाने रद्द करा. दोन्हीकडचे लोक एक गोष्ट मात्र न बोलता मान्य करून बसलेले असतात: दोष ही एकच भाकरी आहे, ती एकाच्या पानात पडली की दुसऱ्याचं पान रिकामं राहणार.

जून 2016 मध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एका रिसॉर्टवर, कृत्रिम तलावाच्या काठी, दोन वर्षांच्या मुलाला मगरीच्या कुळातल्या ॲलिगेटरनं पाण्यात ओढलं. कुटुंब दूरच्या नेब्रास्का राज्यातून सुट्टीवर आलेलं. संध्याकाळची वेळ, काठावर वाळू पसरलेली, मूल घोटाभर पाण्यात. वडील जवळच होते. त्यांनी उडी घेतली, जबडा हातांनी उघडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मूल सापडायच्या आधीच लोकांनी आईबापांचा निकाल लावून टाकला होता. तिथे पाटी होती ना, 'पोहू नये' म्हणून?

पाटी होती. पण कुणी पोहत नव्हतं. आणि पाटीत मगरीचा उल्लेख नव्हता. फ्लोरिडात वाढलेल्या माणसाला गोडं पाणी दिसलं की आत काय असू शकतं हे वेगळं सांगावं लागत नाही. हजारेक मैलांवरून आलेल्या माणसाला वाळू दिसते, म्हणजे इथे मुलांनी खेळायचं आहे असं वाटतं. ज्यांची ती जागा होती त्यांना मात्र पाण्यात काय आहे याची पुरती कल्पना होती, कारण त्या परिसरातून मगरी पकडून नेण्याचं काम वर्षानुवर्षं चालू होतं. घटनेनंतर काही दिवसांतच काठावर नव्या पाट्या आल्या, त्यांवर मगर आणि साप स्पष्ट लिहिलेले, आणि कुंपणही आलं. पाटीवर काय लिहायचं हे कुणाला शोधून काढावं लागलं नाही.

त्या कुटुंबानं पुढे दावा लावला नाही. तो त्यांचा निर्णय. त्यावरून त्यांना मोठं करणं मला पटत नाही, आणि लावला असता तरी लहान केलं नसतं.

आता जरा मागे जाऊ, कारण आपण जे बोलतो ते नवीन नाही. 1809 सालचा इंग्लंडमधला एक निकाल आहे. डर्बी गावात एकानं घराची डागडुजी चालू असताना रस्त्यावर आडवा वासा टाकून ठेवला. दुसरा एक जण ऑगस्टमधल्या संध्याकाळी, घरोघरी दिवे लावायच्या सुमाराला, घोडा भरधाव पिटाळत आला आणि वाशाला अडकून पडला. शंभर यार्डांवरून वासा दिसेल एवढा उजेड होता, असं साक्षीत आलं. लॉर्ड एलनबरो यांच्या न्यायालयानं घोडेस्वाराला एक पैसाही दिला नाही. दुसऱ्याची चूक असली म्हणून आपली काळजी घ्यायची जबाबदारी सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. वाक्य चुकीचं नाही. गोची होती ती त्यातून निघालेल्या नियमाची: जखमी माणसाचा दोष रतीभर निघाला तरी वासा टाकणारा पूर्ण मोकळा.

हा नियम इतका कठोर होता की न्यायाधीशांनाच पळवाटा शोधाव्या लागल्या. 1842 मध्ये एका माणसानं पुढचे पाय बांधून गाढव रस्त्यावर चरायला सोडलं होतं आणि एक गाडी वेगानं येऊन त्याच्यावरून गेली. मालकाची चूक उघड होती, तरी भरपाई मिळाली, कारण गाडीवानाला टाळता आलं असतं. एकूण त्या काळात रस्त्यावर माणसापेक्षा गाढव असणं थोडं सोयीचं होतं. इंग्लंडनं तो नियम कायद्यानं मोडला तो थेट 1945 मध्ये: जखमीचा वाटा जेवढा, तेवढी भरपाई कमी. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनीही नंतर हाच मार्ग धरला. अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनिया ही राज्यं मात्र अजून बव्हंशी वाशापाशीच आहेत.

म्हणजे कायदा भाकरी मोडायला शिकला. आपली चर्चा शिकली नाही.

याचं सगळ्यात बदनाम उदाहरण म्हणजे गरम कॉफीचं. 'कॉफी अंगावर सांडली म्हणून लाखो डॉलर मिळाले' ही गोष्ट जगभर विनोदासारखी सांगितली जाते. 1992 मध्ये अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात 79 वर्षांच्या एका बाई नातवाच्या शेजारी, उभ्या असलेल्या गाडीत, मॅकडोनाल्ड्सचा कप गुडघ्यांमध्ये धरून झाकण काढत होत्या. कॉफी सांडली. मांड्यांची कातडी पार खोलवर जळली, आठ दिवस रुग्णालयात, दुसरीकडची त्वचा काढून बसवावी लागली. त्यांनी कंपनीकडे वीस हजार डॉलर मागितले. कंपनीनं 800 देऊ केले. तेव्हा कुठे प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथे दोन गोष्टी बाहेर आल्या: कॉफी 82 ते 88 अंश सेल्सिअसवर ठेवायची असा कंपनीचा दंडकच होता, आणि आधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या 700 हून अधिक तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या. ज्युरीनं काय केलं? बाईंचा दोष 20 टक्के धरला, कंपनीचा 80. नुकसानभरपाईतून तेवढी रक्कम कापली. वर लावलेला 27 लाख डॉलरचा दंड न्यायाधीशांनी 4 लाख 80 हजारांवर आणला. विनोदात 27 लाख राहिले. 20 टक्के आणि 700 गळून पडले.

वैयक्तिक जबाबदारीचा मुद्दा कोर्टात कुणी विसरत नाही, हे मला इथे दाखवायचं आहे. तो मोजला जातो, आकड्यात लिहिला जातो. काही कायदे तर तो मुद्दाम बाजूलाही ठेवतात, आणि त्यामागे विचार असतो. भारताच्या रेल्वे कायद्यातलं कलम 124अ घ्या. प्रवासी चालत्या गाडीतून अपघातानं पडला तर कुणाची चूक हे न बघता भरपाई द्यायची. आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, नशा, स्वतःचा गुन्हा असे मोजके अपवाद. रेल्वेकडून वर्षानुवर्षं युक्तिवाद व्हायचा, दारात उभा होता, म्हणजे इजा स्वतःहूनच करून घेतली. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं की निष्काळजीपणा वेगळा आणि स्वतःला इजा करून घेण्याचा इरादा वेगळा.

पण टक्केवारीच्याही आधीचा एक प्रश्न आहे, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. धोका कुणाला कितव्यांदा भेटत होता?

माझ्या मित्राला ती पायरी आयुष्यात एकदा भेटली. कार्यालयाला ती रोज भेटत होती. कॉफीच्या बाईंना तो कप एकदाच. कंपनीला सातशे एकाव्या खेपेला. अपघातानंतर आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो त्याच्या वाट्याला एक क्षण आलेला असतो, दीड सेकंदात घेतलेला एक निर्णय. दुसऱ्या बाजूला वर्षं असतात, रजिस्टरं असतात, बैठकांची टिपणं असतात, 'निधी उपलब्ध झाल्यावर' असे शेरे असतात. दोघांचीही चूक असेल. तरी दीड सेकंदाची आणि दहा वर्षांची चूक एकाच तराजूत टाकून 'दोघंही जबाबदार' म्हणणं म्हणजे हात झटकणं.

15 एप्रिल 1989. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलचा उपांत्य सामना. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी बाहेर पडायचं एक मोठं फाटक उघडायचा हुकूम दिला. लोंढा समोरच्या बोगद्यातून आधीच गच्च भरलेल्या मधल्या कप्प्यांत शिरला. पुढे लोखंडी जाळी, बाजूला जाळी. सामना सुरू झाला, सहा मिनिटं चालला आणि थांबवला. 97 माणसं गेली. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता. मैदानावरचे मुख्य पोलीस अधिकारी डेव्हिड डकेनफील्ड यांनी त्याच दुपारी सांगितलं की फाटक प्रेक्षकांनी जबरदस्तीनं उघडलं. हुकूम त्यांचाच होता.

यापुढची गोष्ट मी जितक्यांदा वाचते तितक्यांदा थांबते. मृतांच्या रक्तातलं दारूचं प्रमाण तपासायला लावलं गेलं. सगळ्यांच्या. त्या दहा वर्षांच्या मुलाच्याही. लोक कशानं गुदमरले हे शोधायच्या आधी, ते प्यायलेले होते का, हे शोधलं गेलं. माझा स्टुलावरचा प्रश्न, फक्त सरकारी शिक्क्यासह.

अवघ्या काही महिन्यांत, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, चौकशीसाठी नेमलेले न्यायाधीश लॉर्ड जस्टिस टेलर यांनी अंतरिम अहवालात पोलिसांचं नियंत्रण कोलमडलं हे मुख्य कारण असल्याचं लिहिलं होतं. तरी 'दारुड्यांनी फाटक तोडलं' ही कथा तेवीस वर्षं टिकली. 2012 मध्ये स्वतंत्र समितीनं कागदपत्रं उघडली तेव्हा दिसलं की पोलिसांचे 164 जबाब बदलले होते आणि त्यांतल्या 116 मधून पोलिसांना अडचणीचा मजकूर काढून टाकला होता. 2016 मध्ये नव्या मृत्यूचौकशीच्या ज्युरीनं प्रेक्षकांच्या वागण्याचा या मृत्यूंशी संबंध नाही असं नोंदवलं. आणि 1981 मध्ये याच मैदानाच्या याच टोकाला, अशाच उपांत्य सामन्यात चेंगराचेंगरी होऊन 38 लोक जखमी झाले होते. तिथे सगळेच अडखळतात, हे शेफिल्डला आठ वर्षं आधीच कळलेलं होतं.

आणखी एक, थोडक्यात. न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत 19 नोव्हेंबर 2010 रोजी स्फोट झाला, 29 खाणकामगार गेले. चौकशी आयोगाला काय सापडलं? स्फोटाच्या आधीच्या 48 दिवसांत मिथेन वायू स्फोट होण्याइतका साचल्याच्या 21 नोंदी, आणि त्याहून कमी पण धोकादायक पातळीच्या 27. शेवटच्या सकाळपर्यंत नोंदी येत होत्या. नोंदी होत्या, वाचणारा नव्हता.

कुणी म्हणेल, बहुसंख्य अपघात माणसाच्या चुकीनंच होतात, हे तर शास्त्र आहे. या 'शास्त्रा'चा उगमही बघायला हवा. 1931 मध्ये हर्बर्ट हाइनरिच नावाच्या अमेरिकन विमा अधिकाऱ्यानं कारखान्यांतल्या अपघातांची हजारो प्रकरणं तपासून मांडलं की 88 टक्के अपघात कामगारांच्या असुरक्षित कृतींमुळे होतात. हा आकडा आजही सुरक्षेच्या प्रशिक्षणात फळ्यावर लिहिला जातो. ती प्रकरणं आली कुठून? विमा कंपनीच्या फायलींतून आणि कारखान्यांच्या नोंदींतून. अशा फायलीत अपघाताचा फॉर्म बहुधा पर्यवेक्षक भरतो. आता कल्पना करा. यंत्राची जाळी महिनाभर निघालेली आहे, ती बसवून घेणं पर्यवेक्षकाचंच काम आहे, आणि कामगाराचं बोट गेलं. 'कारण' या रकान्यात तो काय लिहील?

'कामगाराचे लक्ष नव्हते.' पाच सेकंदांचं काम. आणि खोटंही नाही. बोट जातं तेव्हा कुणाचं लक्ष असतं?

एवढं लिहिल्यावर दावे लावणारा प्रत्येक माणूस बरोबरच, असं मी म्हणते आहे असं वाटेल. तसं नाही. इंग्लंडच्या चेशायरमधल्या एका सार्वजनिक उद्यानातल्या तलावाची केस आहे. 1995 च्या मे महिन्यात अठरा वर्षांचा एक तरुण गुडघ्याच्या थोडं वर येणाऱ्या पाण्यात उभा होता, तिथूनच त्यानं पुढे सूर मारला, डोकं तळाच्या वाळूवर आपटलं आणि मान मोडली. उरलेलं आयुष्य अपंगत्वात. तलाव त्याच्या लहानपणापासून ओळखीचा. इथेही पाटी होती: पाणी धोकादायक, पोहू नये. आधीच्या अपघातांच्या नोंदीही उद्यान सांभाळणाऱ्या स्थानिक परिषदेकडे होत्या. दाव्यांच्या धास्तीनं काठची वाळू झाकून तिथे झाडं लावायची योजना तिनं आखली होती. पैशाअभावी ती रखडली. अपील न्यायालयानं परिषदेला जबाबदार धरलं, दोन तृतीयांश दोष तरुणाचा धरून. 2003 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, तो निकाल फिरवला आणि दावा फेटाळला. काही अविचारी लोक सूर मारतात म्हणून ज्या वाळूत शेकडो कुटुंबं निर्धोकपणे बसतात ती बुजवायची का, असा लॉर्ड हॉफमन यांचा रोख होता.

ही केस माझ्या म्हणण्याला अडचणीची आहे, म्हणूनच ती टाळत नाही. परिषदेला माहीत होतं. रजिस्टर होतं. 'निधी उपलब्ध झाल्यावर' सुद्धा होतं. मग मी न्यायाधीशांच्या बाजूनं का? कारण परिषदेला जे माहीत होतं तेच त्या तरुणालाही माहीत होतं. उथळ पाण्यात सूर मारू नये, हे कळायला तलावाच्या मालकाकडची कुठलीही फाइल लागत नाही. फ्लोरिडाच्या तलावावरही जवळपास तीच पाटी होती, पण पाण्याखालचं सत्य काठावरच्या माणसाला दिसत नव्हतं आणि मालकाला दिसत होतं. माहिती कुणाकडे होती एवढंच विचारून भागत नाही. दोघांच्या माहितीत अंतर किती होतं, हे बघावं लागतं. अंतर नसेल तिथे सहानुभूती पुरेपूर द्यावी, दावा मान्य करू नये. त्या मुलाबद्दल वाईट वाटणं आणि त्याच्या विरोधात निकाल देणं, दोन्ही एका माणसाला जमू शकतं. न्यायाधीशांना ते जमलं.

शिवाय दाव्यांच्या भीतीचे परिणाम खरे आहेत. झोपाळे काढले जातात, सहली बंद होतात, प्रत्येक वस्तूवर इतक्या सूचना चिकटतात की खरी सूचना त्यांत बुडून जाते. डॉक्टर, शिक्षक 'चुकलं' म्हणायला घाबरतात, कारण वकिलानं सांगितलेलं असतं की माफी म्हणजे कबुली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याला 1986 मध्ये कायदा करावा लागला की अपघातानंतर व्यक्त केलेली हळहळ कोर्टात दोषाचा पुरावा धरली जाणार नाही. हळहळायलाही कायद्याचं संरक्षण लागतं, म्हणजे कुठेतरी काहीतरी बिनसलं आहेच.

पण 'दाव्यांचा पूर येईल' ही हाकाटी सावधपणेच ऐकावी. 1837 मध्ये एका खाटकाच्या नोकराची मांडी जादा भरलेली गाडी मोडल्यामुळे मोडली. ज्युरीनं शंभर पौंड दिले. वरच्या न्यायालयात लॉर्ड ॲबिंजर यांनी ते काढून घेतले, आणि एक कारण असं दिलं की हे मान्य केलं तर मालकांच्या जबाबदारीला अंतच राहणार नाही. पुढची कित्येक दशकं इंग्लंडच्या खाणींत आणि रेल्वेत कामगार मरत राहिले आणि पूर काही आला नाही.

पैशाचं काय? 'पैशानं माणूस परत येणार आहे का?' असं विचारणाऱ्यांना मला 1808 सालची एक केस सांगावीशी वाटते. घोडागाडी उलटली, नवरा-बायको जखमी झाले, महिन्याभरानं बायको गेली. न्यायाधीश तेच, वाशावाले लॉर्ड एलनबरो. त्यांनी सांगितलं की माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात तक्रार करण्याजोगी हानी नाही. नवऱ्याला शंभर पौंड मिळाले ते स्वतःच्या खरचटण्याचे आणि बायको जिवंत होती तोवर तिच्या सोबतीला मुकला त्याचे. मेल्यानंतरचं काही नाही. म्हणजे एखाद्याला जखमी करण्यापेक्षा मारून टाकणं स्वस्त पडत होतं. हे 1846 मध्ये इंग्लंडमध्ये आणि 1855 मध्ये भारतात खास कायदा करून बदलावं लागलं. मृत्यूची किंमत लावणं ओंगळ वाटतं, मलाही वाटतं. किंमत शून्य होती तेव्हा काय चाललं होतं हेही लक्षात ठेवायला हवं.

आणि दिवाणी न्यायालयाकडे दुसरी भाषाच नाही. तिथे 'मला कळू द्या काय झालं' असा अर्ज करता येत नाही. रकमेचा आकडा टाकावा लागतो, मग दार उघडतं, कागद मागवता येतात, माणसं शपथेवर बोलतात. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी आग लागून 59 प्रेक्षक धुरानं गुदमरले. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला त्याच सकाळी आग लागली होती आणि तो थातुरमातुर दुरुस्त केलेला होता, बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून वाट बंद केलेली होती, आणि 1989 मध्येही तिथे आग लागून गेलेली होती, हे लोकांना माहीत आहे ते नातेवाईकांनी संघटना करून वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या म्हणून. भरपाईचा अंतिम निकाल सर्वोच्च न्यायालयातून यायला 2011 उजाडलं. चौदा वर्षं. पैसे उकळायचा याहून वाईट धंदा शोधून सापडणार नाही.

न्यूझीलंडनं हे सगळं टाळायचा मार्ग काढला. न्यायमूर्ती ओवेन वुडहाउस यांच्या 1967 च्या अहवालानुसार तिथे 1974 पासून अपघातात जखमी झालेल्या प्रत्येकाला, चूक कुणाचीही असो, सार्वजनिक निधीतून उपचार आणि उत्पन्नाचा मोठा हिस्सा मिळतो. बदल्यात नुकसानभरपाईचा दावा लावायचा हक्क सोडायचा. मला ही व्यवस्था आवडते. जखमी माणसाला आधी उभं करायचं आणि वाद नंतर घालायचा, यात शहाणपण आहे. तरीही पाइक रिव्हर तिथेच घडलं. कंपनीप्रमुखावरचे आरोप 2013 मध्ये कुटुंबांना 34 लाख डॉलर द्यायच्या बोलीवर मागे घेतले गेले, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणाऱ्या दोघीजणी होत्या त्या मृतांच्या घरच्याच. 2017 मध्ये न्यायालयानं तो सौदा बेकायदा ठरवला. पैसे मिळत असताना त्या भांडल्या.

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असं आपण म्हणतो. या म्हणीत एक गृहीत धरलेलं असतं, मागच्याला पुढच्याची ठेच दिसली. संस्थांच्या बाबतीत नेमकं तेच घडत नाही. ठेच रजिस्टरात जाते, रजिस्टर कपाटात, आणि मागचा तितकाच अडाणी राहून त्याच दगडावर येतो. म्हणून दाव्यांबद्दलची माझी खरी तक्रार ते लावले जातात ही नाहीच. ते मिटवले जातात, ही आहे. कोर्टाबाहेर रक्कम ठरते, कागदावर सही होते आणि त्यात एक ओळ असते की या प्रकरणाबद्दल कुणी काही बोलायचं नाही. कॉफीच्या केसचा शेवटही गुप्त तडजोडीतच झाला. सातशेचा आकडा आपल्याला कळला तो सुनावणी आधी झाली म्हणून. दुःखात असलेल्या माणसानं पैसे घेऊन गप्प बसायचं कबूल केलं तर त्याला मी दोष देणार नाही. पण ती ठेच त्याच्या एकट्याची नव्हती, पुढे त्या वाटेनं येणाऱ्या सगळ्यांची होती, आणि ती विकत घेऊन पुरून टाकायची मुभा कंपनीला का असावी? गंमत म्हणजे मगरीच्या तलावाच्याच फ्लोरिडा राज्यात 1990 पासून कायदा आहे की सार्वजनिक धोका लपवणारा कोर्टाचा आदेश किंवा करार ग्राह्य धरला जाणार नाही. एवढी एक गोष्ट सगळीकडे झाली तर दाव्यांच्या रकमा अर्ध्या झाल्या तरी माझी हरकत नाही.

विमानवाहतुकीनं तर दाव्याची वाटही बघितली नाही. अमेरिकेत 1976 पासून वैमानिक आपली चूक, थोडक्यात टळलेला अपघात, नासाकडे कळवू शकतात. नियंत्रण करणाऱ्या खात्याकडे मुद्दामच नाही. नाव काढून टाकलं जातं, बाकी सगळं सर्वांना वाचायला खुलं. वैयक्तिक जबाबदारी तिथे आहेच, 'मी चुकलो' हे स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं. पण ते वाक्य तिथे चौकशीची सुरुवात असतं.

माझ्या मित्रानं दावा वगैरे काही लावला नाही. काठी टेकत चालायला लागल्यावर मला घेऊन त्या कार्यालयात गेला आणि अपघात नोंदवही मागितली. बरीच शोधाशोध झाली. "कोण लिहिणार?" शिपाई म्हणाला. "पडणारा उठतो आणि जातो." शेवटी एका कपाटातून वही निघाली, जाड पुठ्ठ्याची, आतली पानं करकरीत कोरी. त्यानं तारीख घातली, वेळ घातली. 'कारण' या रकान्याशी जरा थांबला. मग लिहिलं: 'माझे लक्ष नव्हते. चौथ्या पायरीची पट्टी निघालेली आहे.' आणि खाली शिपायाची सही घेतली.